दुधी फरशी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या लेकाच्या, ज्ञानेशच्या कंपनीत दरवर्षी डायरी मिळते आणि ती माझ्याकडं वाणसामानाच्या याद्यांत संपते. यंदा ठरवलं, नीट लिहायचं. लिहिण्यासारखं काही घडलंय. आज भिंत पडली.

मी धुरपदा. वय एकसष्ट. वडगावच्या अंगणवाडीत लोकांच्या पोरांना अक्षरं शिकवून दोन वर्षांपूर्वी घरी बसले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात ती भिंत होती. बाहेर माणसं बसायची, हसायची, आणि मी आतून भाकरी थापता थापता विचारायची, काय झालं? कुणी सांगायचं नाही. सांगितलं तर हसू येत नाही म्हणे. चाळीस वर्षांचं हसणं माझं त्या भिंतीपलीकडं गेलं.

ज्ञानेश रांजणगावला असतो, रविवारी येतो. त्याला मी एवढंच म्हटलं होतं की गॅसपाशी उभं राहून मला पुढचं दार दिसलं पाहिजे. तो म्हणाला, "मग ओपन किचनच करू ना आई. आता सगळीकडं तसंच हाय."

यांना पसंत नाही. हे म्हणजे आमचे मालक, मारुतराव. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं भीमा नदीत उतरून शेताच्या पाण्याची मोटर वरखाली केली, घरात मात्र पाटसुद्धा हलवला नाही. भिंत पडत होती तेव्हा अंगणात बाजेवर पाठ करून बसले होते. म्हणाले, "तू आत काय करतीस ते समद्या गावाला दावायचंय व्हय?" मी म्हटलं, "तुम्हाला चाळीस वर्षांत दिसलं न्हाई, गावाला तरी दिसू द्या."

आमचं हे असंच. टोमण्यांवर संसार चाललाय. हे गोड बोलायला लागले तर ताप आलाय का म्हणून मी कपाळाला हात लावून बघते.

आता पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एकच खोली झालीय. बाहेरचा सिमेंटचा कोबा, आतली शहाबादी, आणि मधे भिंतीच्या जागी वीतभर चर. सगळं उखडून एकच फरशी टाकायची. ती मी निवडणार.

१५ जानेवारी, बुधवार

शिरूरला जाऊन आलो. बाळासोचं फरशीचं दुकान नगर रस्त्याला आहे, तो आमच्या भावकीतलाच. मी घरून डबीत हळद आणि तेल कालवून नेलं होतं. कोटा, शहाबादी, खरबरीत टाइल, चकचकीत टाइल, सगळ्यांवर एकेक बोट ओढलं आणि चहा होईपर्यंत तसंच ठेवलं. बाळासो हसायला लागला. "धुरपदाकाकू, हिथं इंजिनीअर येतात, पर आसली टेस्ट कुणी केली न्हाई."

चहा झाल्यावर फडकं मारलं. कोट्यानं तेल पिऊन टाकलं. खरबरीत टाइल पिवळी ती पिवळीच. चकचकीतवरचं मात्र एका हातात साफ. दुधासारखा रंग आहे आणि आत अगदी पुसट राखाडी रेघा, वाऱ्यावर पाणी हलतं तशा. मी तिथंच ठरवलं. मन लागलं की लागलं.

हे दुकानात आलेच नाहीत. पायरीवर उभे राहून म्हणाले, "वल्लं हाय आत." कोरडी ठणठणीत फरशी. मी दोनदा हाक मारली तरी तिथंच. माणसाला नाही म्हणायचं असलं की कारण कुठूनही काढतो. शेवटी मी एक टाइल बाहेर नेऊन दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुला बघायचं तर घे." याला मी होकार धरला.

२० जानेवारी, सोमवार

आज चौथ्यांदा. सकाळी उठून बाहेर येतात, खोलीभर नजर फिरवतात आणि विचारतात, "भिंत कुठं गेली?" पहिल्या दिवशी मी हसले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "माह्यारी गेली." आज म्हटलं, "तुमच्या बोलण्याला कंटाळून नदीत जीव दिला तिनं." त्यावर नेहमीसारखं उलटं काही बोलले नाहीत. नुसतं "आसं व्हय" म्हणाले आणि बाहेर गेले.

एकच टोमणा किती वेळा मारायचा याला काही सुमार असतो. पूर्वी यांच्याकडं निदान नवे नवे असायचे.

२८ जानेवारी, मंगळवार

मिस्त्री राजस्थानी आहे. हात चांगला आहे, दोरी लावल्याशिवाय एक टाइल बसवत नाही. मला "माताजी" म्हणतो. "माताजी, दो दिन पैर नहीं रखना." दोन दिवस काय, चाळीस वर्षं थांबले मी. आज सगळा स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर केला तरी अंगात शीण नाही.

हे मळ्यातून अंधार पडल्यावर आले. निशिगंध तोडायला गेले होते आणि टोपली तिथंच विसरून आले. मी म्हटलं, रुसायचं तर माझ्यावर रुसा, फुलांनी काय केलंय?

२ फेब्रुवारी, रविवार

झाली. काय सांगू. सकाळी पुढच्या दारातून ऊन आलं ते पार ओट्यापर्यंत. घर दुप्पट मोठं वाटतंय. मी अनवाणी इकडून तिकडं नुसती चालत होते. शेजारची साळूबाई आली, आणखी दोघीतिघी आल्या. गॅसपाशी उभी राहून मी त्यांचं बोलणं ऐकलं, हसले, चहा गाळला. हेच हवं होतं मला.

मग हे आले. उंबऱ्यात थांबले. खाली बघितलं. मग वाकून पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, एका हातानं चौकट धरली आणि पायाचा अंगठा पुढं करून हळूच फरशीला लावला. म्हणाले, "पाणी किती हाय?"

बायका पोट धरून हसल्या. साळूबाई म्हणाली, "भाऊजी, होडी आणू का?" त्यांनाही वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी पण हसले, पण माझे कान तापले होते. ज्या दिवसाची मी इतकी वाट बघितली त्या दिवशी चार माणसांत असं करायचं? चकचकीत आहे म्हणून नावं ठेवायची तर सरळ ठेवा. हे पायजमा तसाच वर ठेवून मागं फिरले आणि बाजेवर जाऊन बसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अजून आत येत नाहीत. झोपायला बाजूच्या खोलीत जायचं तर अंगणातून फिरून जातात. जेवायला पायरीवर बसतात. तीन दिवस मी ताट बाहेर नेऊन दिलं. काल म्हटलं, आता बास झालं. ताट ओट्याजवळ वाढलं आणि हाक मारली, "आत येऊन जेवा, न्हाईतर ऱ्हावा उपाशी."

उंबऱ्यापर्यंत आले. ताटाकडं बघत उभे राहिले. मग निघून गेले. उपाशी झोपले. मीही हट्टानं जेवले नाही. सकाळी भाकरी कुत्र्याला घातली.

आमच्या आईचं म्हणणं होतं, पुरुषाचा हट्ट तीन दिवसांचा, चौथ्या दिवशी पोट बोलतं. यांचं पोट काही बोलेना.

९ फेब्रुवारी, रविवार

ज्ञानेश आला होता. दुपारी आम्ही मायलेक जेवत होतो आणि हे उंबऱ्यातून ओरडले, "पाणी वाढलंय! वरनं धरणाचं सोडलंय. मोटर वर घ्या आधी!" ज्ञानेश हसला. मग हसायचा थांबला. बापाकडं बघत म्हणाला, "आई, आप्पांना एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

मी म्हटलं, "दाखव. जिभंचा डॉक्टर बघ."

हे परत म्हणाले, "आगं ऐक माझं. बुडशील." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही बुडा मग एकदाचं."

जाताना ज्ञानेशनं यांना धरून अंगणातून मागच्या दारापर्यंत फिरवून आणलं आणि तिथं पायरीशी बसवलं. पोरगा बापाचीच बाजू घेणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दौंड

आमच्या लेकीच्या, तेजश्रीच्या दिराच्या गाडीतून काल इथं दवाखान्यात आलो. लेक भांडगावला दिलीय, ती होती म्हणून निभावलं. जसं झालं तसं लिहिते.

काल सकाळी कुरडया तळत होते. तेल उडालं, मनगटावर पडलं आणि मी ओरडले. मोठ्यानं ओरडले असेन. हे अंगणात होते. बारा दिवसांत ज्या फरशीवर पाऊल टाकलं नव्हतं तिच्यावर हे धावत आले. धावत म्हणजे कसं, गुडघे वर उचलत, दोन्ही हात पसरून, कमरेएवढ्या पाण्यात माणूस चालतो तसं. मधेच पाय घसरला आणि डाव्या हातावर पडले. पडल्या पडल्या मान वर धरून, तोंडात पाणी जाऊ नये तशी, मला म्हणत होते, "आलो, आलो. घाबरू नगं."

यांचं मनगट मोडलंय. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? हे म्हणाले, "नदीत." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, गंमत करतात, सवय आहे त्यांना. डॉक्टर हसले नाहीत. साल कोणतं चालू आहे असं यांना विचारलं. यांनी नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं आणि मी नेहमीसारखं सांगायला तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही थांबा. त्यांना सांगू द्या."

थांबले. यांना सांगता आलं नाही. महिना सांगता आला नाही. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तर बाराचे बारा आकडे एकाच बाजूला, एकाखाली एक. उरलेला गोल रिकामा. आम्हा दोघांच्या संसारात उत्तरं मीच देत आले, म्हणून यांच्याजवळ उत्तर उरलेलं नाही हे मला कधी कळलंच नाही.

मग डॉक्टरांनी घरचं विचारलं. भिंत, फरशी, पायजमा, सगळं मी सांगितलं. ते म्हणाले, "मेंदूचा आजार आहे. विसरणं तर आहेच, पण डोळ्यांना दिसतं त्याचा अर्थसुद्धा लागत नाही. चकचकीत फरशी त्यांना पाणी दिसते. ते मस्करी करत नव्हते." पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलंय. गोळ्या आहेत, बरं व्हायचं औषध नाही.

तेजश्री रडली. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, यांना खरंच नदी दिसत होती आणि माझी किंकाळी ऐकून हे त्या नदीत उतरले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घरी आहोत. आज ही डायरी पहिल्यापासून वाचली. वाचवत नव्हती तरी वाचली.

भिंत कुठं गेली असं हे खरंच विचारत होते. रोज सकाळी उठून माणसाला आपलं घर ओळखू येत नव्हतं आणि मी त्याला सांगितलं, भिंतीनं नदीत जीव दिला. ते ताट. ताट आणि यांच्यात नदी होती आणि मी ऐलतीराला उभी राहून म्हणत होते, उपाशी राहा. आणि मी बुडा म्हणाले ते. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे, अंगणवाडीच्या फळ्यावर काढायची तसल्या गोल गोल अक्षरात.

बाईला नवऱ्याचं दुखणं आधी कळतं म्हणतात. मला शेवटी कळलं. चाळीस वर्षं एकमेकांना बोलण्यात हरवत आलो, त्यामुळं हे हरत चाललेत ते मला जिंकल्यासारखं वाटलं. माझी मला लाज वाटते. कुणाला सांगू?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ज्ञानेशनं पुण्याहून चटया आणल्या, दारापासून ओट्यापर्यंत टाकल्या. यांना ते पाण्यावर तरंगणारं काहीतरी वाटतं. एकीवर पाय ठेवला, ती सरकली, मी धरलं म्हणून वाचले. गेल्या आठवड्यात पुण्याला दाखवून आणलं तेव्हा तिथले डॉक्टरही म्हणाले होते, चटया नकोत, पाय अडकतो. गुंडाळून ठेवल्या.

ज्ञानेश म्हणाला, "आई, आप्पांना बाजूच्या खोलीतच ठेवू की. एवढी नवी फरशी आता उखडायची?" त्याचं चूक नाही. माझ्या हौसेसाठी त्यानं केली. मी म्हटलं, "मला गॅसपाशी हुबं राहून माणूस दिसावं म्हणून भिंत पाडली ना? मग ते माणूस दुसऱ्या खोलीत ठिवून मी काय दार बघत बसू?"

३ मार्च, सोमवार

परत शिरूर. या वेळी हळदीची डबी नेली नाही, यांना नेलं. बाळासोला सगळं कानावर गेलेलं होतं. तो एक शब्द गमतीचा बोलला नाही. यांना खुर्ची दिली, दुकानासमोरच्या मातीत, आणि पोत्यावर एकेक टाइल आणून टाकली. मी यांचा हात धरून एकेकीवर उभं केलं आणि फक्त यांच्या पायांकडं बघितलं.

करड्या कोट्यावर अंगठा चाचपडला. पांढऱ्या खरबरीतवर टाच उचललेलीच राहिली. ठिपक्यांची होती तिच्यावर वाकून ठिपके वेचायला लागले. मी लगेच बाजूला केलं. शेवटची खरबरीत, मातकट तपकिरी, रेघ नाही की ठिपका नाही, नांगरटीनंतर वाळलेल्या रानासारखी. तिच्यावर दोन्ही पाय सपाट टेकले. पायजम्याकडं हात गेला नाही.

"ही जमीन चांगली हाय," हे म्हणाले. "हिथं कोण कसतं?"

बाळासो म्हणाला, "तुमचीच हाय काका." आणि तोंड फिरवून आत गेला.

ही हळदीनं पिवळी होणार, तेल पिणार, अंधारी दिसणार. मला माहीत आहे. साळूबाईनं विचारलं तर सांगेन, मला रंगाचा कंटाळा आला. हीच घेतली. मिस्त्री पुढच्या सोमवारी, दहा तारखेला येतोय.

८ मार्च, शनिवार

आज दुपारी हे उंबऱ्यात उभे होते, आत बघत. मी चहाचं आधण ठेवलं होतं. दोन दिवसांचा प्रश्न होता, ताट-चहा बाहेरच देत होते. पण यांना आत यायचं होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी गॅस बारीक केला, मागच्या दारानं बाहेर पडून पुढं आले आणि यांच्या शेजारी उभी राहिले. लुगडं पोटरीच्या वर खोचलं. हात पुढं केला आणि म्हटलं, "मला पल्याड न्या. मला भ्या वाटतं."

यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःचा पायजमा एका हातानं वर ओढला आणि धड हात मला दिला. अशी पकड मला या महिन्यात कुठं जाणवली नव्हती. म्हणाले, "धरा, बाई. घट धरा. खाली दगुड निसरडं हायत. माझ्या मागनं पाय टाका."

मला वाटलं, बाई म्हणतात, थट्टा करतात. जुनं माणूस परत आलं असं वाटून बरं वाटलं.

पाऊल चाचपत, थांबत, हे मला त्या बावीस फुटांतून घेऊन गेले. मधे एकदा म्हणाले, "हिथं धार हाय." मी थांबले. धार सरल्यावर पुढं निघालो. ओट्याशी पोचल्यावर यांनी मला स्टुलावर बसवलं, आणि परत वळले.

मी म्हटलं, "आवो, कुठं निघाला? बसा की, च्या देते."

"तुम्ही बसा, बाई," हे म्हणाले. "मला थांबून जमायचं न्हाई. पल्याड आमची धुरपदा ऱ्हायलीय. तिला पवता येत न्हाई."

आणि उतरले. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं पायजमा धरलेला, एकेक पाऊल टाकत पुढच्या दाराकडं.

मी हाक मारली नाही. मारून काय सांगणार होते? मी मागच्या दारानं निघाले. गोठ्याकडून, तुळशीकडून, गुडघे दुखत होते तरी पळाले. हे पोचायच्या आत पुढच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. धाप लागली होती. पदर नीट केला.

हे आले. मान वर करून बघितलं आणि मला ओळखलं. अगदी मला. चेहरा असा उजळला की लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तो तसा बघितला नव्हता, का तेव्हा मी भिंतीआड होते म्हणून दिसला नाही, सांगता येत नाही.

"लई येळ हुबी हाईस का गं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच आले," मी म्हटलं.

"मला वाटलं, तू जातीस का काय पान्यात. माझं कशात ध्यान ऱ्हात न्हाई आताशा. तुला इसरलो तर काय करायचं, ह्येच डोक्यात येतंया." मग हात पुढं केला. "चल. सोडू नगंस."

गोड बोलत होते. मी कपाळाला हात लावला नाही. हात धरला आणि परत ती नदी ओलांडली. या खेपेला मी रडत होते आणि हे म्हणत होते, आलंच, आलंच, किती भितीस.

चहा आटून गेला होता. दुसरा ठेवला. ओट्याजवळ दोघं बसून प्यायलो.

सोमवारी मिस्त्री येईल. कोरडी जमीन होईल, हे आपल्या पायांनी आत येतील, पडायचे नाहीत. पण मग यांना माझ्यासाठी परत फिरायचं कारणही उरणार नाही. मघापासून मी मिस्त्रीचा नंबर काढून बसलेय. दहाच्या ऐवजी वीस तारखेला ये म्हटलं तर तो येईल. दहा दिवस मिळतील. यांचा एक हात आधीच मोडलाय.

लावला फोन. म्हटलं, भैया, सोमवारी सकाळी लवकर या.